मोठ्या सुट्टीचं उद्दिष्ट

समितीत एकूण सात जण होते, आणि त्यांतल्या सहांनी गेल्या वीस वर्षांत कुठल्याही लहान मुलाचं नाक पुसलेलं नव्हतं. सातव्या होत्या दुसरीच्या बाई. त्यांना घेतलं, कारण नियमात ‘वर्गशिक्षक प्रतिनिधी : एक’ असं लिहिलेलं होतं, आणि मुख्याध्यापिकेला ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकट्या बाईच वह्या तपासत बसल्या होत्या. बाकीच्या वेळीच सटकल्या होत्या.

काम भारदस्त होतं. सगळ्या शाळांसाठी गाभा अभ्यासक्रम ठरवायचा. गाभा म्हणजे ज्याच्यावाचून मुलाचं अडेल तेवढंच, असं अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं. चौदा महिन्यांनी तो गाभा तीनशे बारा पानांचा झाला. गणितवाल्यांचं म्हणणं, गणित हाच गाभा, बाकी सगळी साल. भाषावाल्या मॅडम म्हणत, साल कशाला म्हणायचं ते तरी भाषेशिवाय कळेल का? मग दोघांनाही एकेक तासिका वाढवून मिळे. कुणी रुसू नये म्हणून विज्ञानालाही मिळे. अध्यक्षांना भांडणं सहन होत नसत. त्यांनी आयुष्यभर मोठमोठ्या संस्था चालवल्या होत्या, त्या याच पद्धतीने.

बाई या सगळ्यात तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. बिस्किटं मात्र चांगली असत, हे त्यांनी नाकारलं नाही.

समितीच्या कामाचा एक तक्ता होता. चार रकाने : घटक, उद्दिष्ट, कालावधी, मूल्यमापन. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी कार्यालय ती अख्खी ओळ उडवून टाकी. मोठ्या सुट्टीच्या ओळीत कालावधी होता, चाळीस मिनिटं. उद्दिष्ट कुणीच लिहिलं नव्हतं. त्यामुळे तेराव्या मसुद्यात ती गेली, आणि आठ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही की या देशाची पोरं आता दिवसभर उपाशी आहेत. मग भाषावाल्या मॅडमना भूक लागली असताना ते आठवलं. सुट्टी परत आली, पण सोंग बदलून. ‘आहार व स्वच्छता कौशल्य. बारा मिनिटं. मूल्यमापन : डबा संपवला, होय किंवा नाही.’

हे वाचलं आणि बाईंच्या घशात बिस्किट अडकलं.

कारण त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. सात वर्षांची, दोन वेण्या, आणि वर्गात तोंडातून चकार शब्द नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात. आधीच्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘मंद’ असं लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात. मोठ्या सुट्टीत ती पंचवीस मिनिटं एकेक घास मोजल्यासारखी जेवायची, मग डबा विसळायला नळाशी यायची. बाई तिथेच उभ्या असायच्या, मुलं एकमेकांना भिजवतात म्हणून. आणि कधीतरी, साधारण अठ्ठाविसाव्या मिनिटाला, ती बोलायची. नळाकडे बघून. पाणी आधी गरम का येतं, मुंग्या ओळीत चालताना पुढच्या मुंगीला कंटाळा येतो का. मंद कसली, अर्क होती. पण तिला तेवढा वेळ लागायचा. बारा मिनिटांत ती पोळीच्या पहिल्या चतकोरावर असायची.

बाईंनी मसुदा घरी नेला. नवरा बसच्या आगारात वेळापत्रकं बनवायचा. अठ्ठावीस वर्षं तेच केल्यामुळे त्याला लग्नपत्रिकेतसुद्धा आधी वेळा दिसायच्या. त्याने चष्मा कपाळावर चढवून पहिली ते चौथीचा तक्ता पाहिला.

“अगं, यात गाडी वळणार कुठे?” त्याने विचारलं.

म्हणजे काय, तर एक तास संपतो त्याच मिनिटाला दुसरा सुरू. शेवटच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं उभी राहिली नाही तर दुपारपर्यंत अख्खा मार्ग कोलमडतो, हे आगारातला झाडूवालाही सांगेल. ड्रायव्हरला उतरायचं असतं, पाय मोकळे करायचे असतात, आडोशालाही जायचं असतं. शेवटी त्याने मसुदा मिटून असा निकाल दिला की हा ज्याने केलाय त्याला एक दिवस स्वतःच्या गाडीत बसवा.

बाई झोपल्या, पण ते वाक्य जागंच राहिलं.

शेवटची बैठक सह्यांसाठी होती. सातही सह्या असल्याशिवाय मसुदा छापखान्यात जाणार नव्हता. सहा झाल्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाल्या की त्यांची एक विनंती आहे. छापण्याआधी समितीने एक दिवस या वेळापत्रकाप्रमाणे शाळेत बसावं. सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याच वर्गात. मग त्या सही करतील. गणितवाले हसले. बाई हसल्या नाहीत. उद्या मुख्याध्यापिका आपल्याला फाडून खाणार हे त्यांना दिसत होतं, पण टोपण काही निघालं नाही.

अध्यक्षांना भांडण नको होतं. ते हो म्हणाले.

शनिवारी सकाळी सहाही विद्वान दुसरीच्या बाकांत शिरले. शिरले म्हणजे अर्धे शिरले. अध्यक्षांचे गुडघे हनुवटीशी आले. त्यांना तिसरा बाक मिळाला होता. बाईंनी हातात घंटा घेतली आणि मसुद्यात होतं तस्संच शिकवलं, काना-मात्रेचा फरक न करता. गणित, टण्‌. भाषा, टण्‌. परिसर, टण्‌. तिसऱ्या घंटेला भाषावाल्या मॅडम अजून गणिताची वही शोधत होत्या. गणितवाल्यांना शेजारच्याशी बोलल्याबद्दल दोनदा उभं केलं. त्यांना ते लागलं, पण उभे राहिले.

मग आहार व स्वच्छता कौशल्य. सहा माणसं, एक नळ. हात धुण्यात सात मिनिटं गेली. डबे उघडतायत तोवर घंटा. बाई वही घेऊन प्रत्येकाजवळ गेल्या आणि लिहिलं : नाही, नाही, नाही. गणितवाले तोंडात घास असताना काहीतरी सांगू पाहत होते. त्यांचंही ‘नाही’च झालं.

पुढच्या तासाला अध्यक्ष चुळबुळू लागले. आधी त्यांनी पेन्सिलीशी चाळा केला. मग घड्याळ पाहिलं. मग एका मांडीवरचा भार दुसरीवर, आणि शेवटी ज्यांच्यासमोर मंत्री उभे राहायचे त्या गृहस्थांनी करंगळी वर केली.

बाईंनी मसुद्याचं पान उलटलं. अगदी मायेने पाहिलं त्यांच्याकडे.

“आत्ता नाही. याची ओळ कार्यालयाने उडवलीय.”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण त्या घटकेला सहांपैकी चौघांना जायचं होतं.

दुपारी मसुदा पुन्हा टेबलावर आला. चाळीस मिनिटं सगळ्यांना लगेच मान्य झाली. गणितवाल्यांनी तर आपली एक तासिका आपणहून सोडली, आणि विज्ञानाचीही सोडायला लावली. अडलं ते मूल्यमापनाशी. रकाना रिकामा ठेवला तर ओळ पुन्हा उडणार. भाषावाल्या मॅडमनी सुचवलं, ‘मुक्त संवाद : शिक्षकाने निरीक्षण करून नोंद ठेवावी’. बाईंच्या डोळ्यांपुढे नळ आला, वही हातात घेऊन उभ्या असलेल्या आपण आल्या, आणि डबा घेऊन माघारी वळणाऱ्या दोन वेण्या आल्या.

“नोंद ठेवली ना, की ती बोलणारच नाही हो,” त्या म्हणाल्या.

ती कोण, हे कुणी विचारलं नाही. बाईंचा आवाज जरा ओला झाला होता, आणि अध्यक्षांना भांडणाखालोखाल तेही सहन होत नसे. त्यांनी मसुदा पुढ्यात ओढला आणि आपल्या वळणदार अक्षरात दोन्ही रकाने भरले. उद्दिष्ट : सुट्टी. मूल्यमापन : लागू नाही. रकाना रिकामा नव्हता. कार्यालयाची काय बिशाद.

बाईंनी टोपण काढलं.

सोमवारी मोठ्या सुट्टीत त्या नळाशी उभ्या होत्या. दोन मुलं भिजली, एक रडलं. मुलगी आली, डबा विसळू लागली. बऱ्याच वेळाने नळाला म्हणाली,

“माझ्या बाकावर कुणीतरी होडी काढलीय. पेन्सिलीने.”

बाई म्हणाल्या की शनिवारी एक नवा मुलगा बसला होता तिथे. मोठा होता, पण त्याला फार वेळ बसवेना.

मुलीने यावर विचार केला. मग म्हणाली की होडी साफ चुकलीय, अशी होडी बुडेल. आणि का बुडेल ते सांगायला लागली. आधी तळ, मग बाजू, मग वल्ही कुठे हवीत ते. बाईंनी घड्याळ पाहिलं. घंटेला अजून आठ मिनिटं होती, आणि ती आत्ता कुठे शिडापर्यंत पोचली होती.