शिवणताईंचा उजवा हात

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाला काही झालं की प्रार्थनेला मला उभं करतात. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यावरून पाळकसाहेबांचा एक ठरलेला विनोद आहे. "भाऊंची प्रार्थना थेट वर जाते, मधे कुठल्या मजल्यावर थांबत नाही." लोक हसतात, मीही हसतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. त्या आठ महिन्यांत मी एकही रविवार चुकवला नाही. लोक म्हणायचे, विश्वास असावा तर असा. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ती होती तेव्हा प्रार्थनेत माझं तोंड एकीकडे आणि मन दुसरीकडे गेलं, की तिला बरोबर कळायचं. कोपराने ढोसून हळूच विचारायची, "कुठे पोचलात?" आता ढोसणारं कुणी नव्हतं, आणि सगळं सुरळीत आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या रविवारी दुपारची सभा शिवणताईंच्या दुकानात होती. कपडे शिवतात म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणतात. मंगळवारी त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. बोटं बधिर व्हायची, सुई धरवत नव्हती. आम्ही नऊ जण कापडाच्या ताग्यांमध्ये कसेबसे मावलो. पाळकसाहेब जागं राहण्याविषयी बोलले, आणि कोण कोण पेंगतंय ते मी तेवढ्यात बघून घेतलं. मग मला उभं केलं. डोळे मिटले आणि सुरू झालो. शब्द धडाधड आले. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

लोक पांगल्यावर खुर्च्या लावता लावता शिवणताई म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. माझी मूत्रपिंडं चांगली आहेत हो."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात, प्रभू, हिच्या मूत्रपिंडांना हात लाव, हिची डायलिसिसमधून सुटका कर."

मला घाम फुटला. दोन वर्षं रोज बायकोसाठी केलेली प्रार्थना होती ती. "आणि कुणी काही बोललं नाही?"

"सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा म्हणून बसले, मग लक्षात आलं."

दोघांनाही हसू फुटलं. मग मी सावरून घ्यायला गेलो. "देवाला कळतं हो सगळं."

"देवाला कळलं असेल. पण परवा त्या टेबलावर मी आडवी होणार आहे. माझ्यासाठी कुणी काही मागितलं का, हे मला कळायला नको?"

तिथून निघालो तो फणफणतच. एवढ्याशा चुकीचं काय ते!

सोमवारी एका जुन्या इमारतीतली लिफ्ट तपासायची होती. नऊ वर्षांत ती एकदाही अडकलेली नाही. रखवालदार म्हणाला, "चांगली पळतेय की. सही करा आणि मोकळे व्हा." मी त्याला झापलं. "न बघता सही करणारा माणूस मी नाही." वर जाऊन ब्रेक उघडला, किती झिजलाय ते बघायला वाकलो, आणि हात तिथेच थांबले. बायकोला मातीआड केलं त्या दिवसापासून मी देवाशी एक शब्दही बोललो नव्हतो. रोज नुसती सही करत होतो.

जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं. शिवणताई डाव्या हाताने बटणं निवडत होत्या.

"ताई, भीती कशाची वाटते?"

त्यांनी हातातलं बटण डबीत टाकलं. "हात तेवढा बधिर करणार. मी जागीच असणार, सगळं ऐकू येणार. त्या विचारानेच झोप उडाली आहे. कुणाला सांगितलं नाही. म्हणतील, विश्वास कमी पडला."

मी डोळे मिटले. शब्द येईनात. शेवटी म्हणालो, "प्रभू, हिला भीती वाटते. उद्या अकरा वाजता हिच्याजवळ बस. उजवा हात आहे." तेवढ्यावर थांबायचं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "आणि माझी बायको तू नेलीस, ते मला अजून पटलेलं नाही."

शिवणताईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, या दुसऱ्या भागालाही आमेन म्हणायचं का?"

"म्हणा."

"आमेन," त्या म्हणाल्या, आणि मला पाणी आणून दिलं.

मंगळवारी अकराला काम थांबवून मी हत्यारांच्या पेटीवर बसलो. अर्धा तास लागणार होता, तेवढा वेळ तिथून उठायचं नाही असं ठरवलं. मन दोनदा भटकलं, एकदा तर थेट घरातल्या बिघडलेल्या पंख्यापर्यंत. दोन्ही वेळा ओढून आणलं. बायकोविषयीही बोललो, भांडलोच म्हणा ना. उत्तर मिळालं नाही. पण कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, आणि बरं वाटलं.

पावणेबाराला फोन आला. "झालं, भाऊ. डॉक्टर पूर्ण वेळ गुणगुणत होते. इतके बेसूर!"

"भीती?"

"वाटली की. तुम्ही बसला होतात ना?"

"बसलो होतो."

"मग ठीक."

फोन ठेवला आणि डबा उघडला. भूक चांगलीच लागली होती.