लाल धागा दिसला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सुरक्षा पट्टा आहे. उंचावर काम करणारा माणूस मला खांद्यांवरून आणि मांड्यांखालून आवळतो. कारखान्यात मला शिवणाऱ्या बाईने पाठीवरच्या घडीत लाल धागा घातला. पट्ट्याने पडणारा माणूस झेलला की ती घडी उसवते आणि धागा दिसतो. मग तो पट्टा कापून टाकायचा, असा नियम आहे.

मोरावा नदीकाठी ओब्राद मिस्त्रींकडे मी सहा वर्षे होतो. त्यातली पाच भिंतीतल्या खिळ्यावर लटकून गेली. माणसे वर वाशांवर मोकळी फिरत आणि इकडे माझा जीव टांगणीला लागे. वारा नसतानाही माझा आकडा भिंतीवर खडखडत असे.

मग ग्रादिमीर आला. बावीस वर्षे बस चालवलेला, बांधकामावर अगदी नवखा. पहिल्याच सकाळी त्याने माझी एकेक शिवण ओढून पाहिली.

"काय ड्रायव्हरसाहेब, गाडी कुठे लागलीय? पट्टा बांधलात तो!" मिस्त्री हसले.

"मिस्त्री, टायर बघितल्याशिवाय मी कधी गाडी काढली नाही. आता या वयात कुठे सवय सुटायची?"

छपराचे आढे चढले, त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरमालकिणीने कारागिरांसाठी सदरे आणले. ते हिरव्या फांदीला बांधून आढ्यावर लावायचे असतात. अंगणात कोकरू भाजत होते आणि राकियाची, म्हणजे तिकडच्या फळांच्या दारूची, बाटली फिरत होती.

"अरे, आज सणाचा दिवस! दाव्याला बांधलेली शेळी आहेस का? दोन मिनिटांचं तर काम," फांदी घेऊन वर निघालेला ग्रादिमीर मला आवळताना पाहून मिस्त्री म्हणाले.

"दोन मिनिटंच बांधतो मग. आणि राकिया खाली उतरल्यावर."

त्याने माझा आकडा आढ्याला अडकवला. फांदी बांधताना ओल्या वाशावरून त्याचा पाय सटकला. खाली विटांचा ढीग होता. एका हिसक्यात त्याचा सगळा भार माझ्यावर आला, माझी घडी टरकन उसवली. पण मी सोडले नाही. एक सदरा निखाऱ्यावर पडून जळाला, तेवढेच नुकसान.

ग्रादिमीरला शिडीने उतरवल्यावर मिस्त्रींनी माझा मुका घेतला. "शाब्बास रे पठ्ठ्या! एक ओरखडा नाही. सोमवारी जावई येतोय कामावर, त्याला हाच देतो."

जन्मात पहिल्यांदा माझे कौतुक झाले आणि मी भीतीने गारठलो. माझ्यात आता दुसरा माणूस झेलण्याचे बळ नव्हते. हे सांगणार कसे? सोमवारी जावयाने माझ्यात एक हात घातलासुद्धा.

"थांबा!" ग्रादिमीरने माझी पाठ उलटी केली. लाल धागा लोंबत होता. "याने एकदा माणूस झेललाय, आता हा कापायचा. चाकू द्या."

"चांगला पट्टा कापतोस?" मिस्त्री खवळले.

"मिस्त्री, मी पडलो असतो तर परका होतो. हा तुमच्या लेकीचा नवरा आहे."

 मिस्त्रींनी स्वतःच खिशातला चाकू काढून त्याला दिला.

आता माझे तीन तुकडे आहेत. ग्रादिमीरच्या परसात मी टोमॅटोची झाडे बांधून धरतो. काम सोपे आहे, पण मला चैन नाही. माझ्या जागी नवा पट्टा आणला आहे म्हणे. मित्रांनो, तिकडून जाणे झाले आणि छपरावर माणसे दिसली, तर तेवढा माझा खिळा बघून या. तो रिकामा असला पाहिजे.