दोन माणसांची मोटार

थोरली लेक त्रिपुरसुंदरी हिला तिरुविडैमरुदूरच्या घरी दिली, ते वर्ष कुंभकोणच्या महामखाचे. तळ्यात बुडी मारायला मुलूखभरचे लोक लोटले होते आणि लग्नाच्या पंगतीला केळीची पाने मिळता मिळेनात. त्याच्या पुढल्या वर्षी, म्हणजे सन एकोणीसशे चौतीसला, लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायच्या आधी हनुमंतरावांनी मोटार घेतली. त्यांची बायको शिवकामीबाई पुढे जन्मभर सगळ्या गोष्टी याच खुणेने सांगत. अमुक झाले ते मोटारीच्या आधी, तमुक झाले ते मोटारीच्या नंतर.

हनुमंतरावांचे कुंभकोणात पितळी भांड्यांचे दुकान होते. वाडवडील तंजावरास राजांच्या पदरी कारकुनी करीत. राज्य खालसा झाले तशी लेखणी गेली आणि तागडी हाती आली. घरात बोलणे मराठीत, उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की तमिळ. पन्नाशी उलटेपर्यंत हनुमंतराव बैलगाडीतूनच हिंडले. मग कालव्यांच्या खात्यातला एक गोरा साहेब विलायतेस परत निघाला, आणि त्याची मोटार यांच्या अंगणात आली.

मोटार उघडी, बुटकी आणि चपळ. रंग जून झालेल्या विड्याच्या पानासारखा. मागची बाजू होडीच्या टोकासारखी निमुळती. छप्पर म्हणजे एक कापड, तेही फाटके. पुढचे दिवे फुटलेले होते, म्हणून हनुमंतरावांनी आपल्याच कारागिरांकडून पितळेचे दिवे ठोकून घेतले. ते चिंचेने आणि राखेने घासावे लागत. हे काम शिवकामीबाईंनी कधी मोलकरणीला दिले नाही.

त्या मोटारीची खरी गोष्ट अशी की तिच्यात मागे बसायची जागाच नव्हती. दोन माणसे, ती शेजारी शेजारी. मोठ्या घरच्या बायका मोटारीतून जात त्या मागे, पडदा सोडून. पुढे नवरा आणि चालक. शिवकामीबाईंना मागे बसवायचे तर मागे होते नुसते निमुळते पत्र्याचे टोक. तेव्हा पहिल्या दिवशी त्या पदर डोक्यावरून घेऊन, गल्लीकडे न बघता, नवऱ्याच्या शेजारी बसल्या. लग्नाला तीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत उघड्या आभाळाखाली त्यांचा खांदा हनुमंतरावांच्या खांद्याला लागला तो त्या दिवशी.

मग दर एकादशीला दोघे गोविंदपुरमला भजनास जाऊ लागले. बोधेंद्र स्वामींच्या अधिष्ठानापाशी, म्हणजे समाधीपाशी, विठ्ठलाची तसबीर मांडून मंडळी टाळ घेऊन बसत. दुपार कलली की निघायचे. गाव मागे पडले की दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेते लागत आणि त्या पाण्यात आभाळ उतरलेले असे. मोटार इतकी खाली की शिवकामीबाईंना भाताच्या रोपांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत दिसत. रस्ता कोठे संपला आणि पाणी कोठे सुरू झाले ते कळत नसे. वाटे, आपण ढगांवरूनच चाललो आहोत, बगळे आपल्या खालून उडत आहेत. विड्याच्या मळ्यांवरून थंड, तिखट वास येई. यंत्राची घरघर एका लयीत चाले आणि बाई त्या लयीवर नकळत गुणगुणू लागत. हनुमंतराव हातातल्या चाकावर बोटांनी ताल धरीत. कोणी कोणाशी बोलत नसे.

असे काही महिने गेले. मग हनुमंतरावांना मोटारवाल्या मंडळींनी बोलावणे धाडले.

गावात वेगवान उघड्या मोटारी बाळगणारे काही मिरासदार आणि वकील होते. संध्याकाळी ते नदीकाठी एका पडवीत जमत. त्यांचा म्होरक्या राजगोपाल, चोळपुरम्‌चा मोठा जमीनदार. त्याची नवी मोटार लालभडक आणि आठ सिलिंडरांची, तिच्या नाकाडावर चामड्याचा पट्टा. पडवीत बसायची रीतही ठरलेली. आठ सिलिंडरवाल्यांना वेताच्या खुर्च्या, सहावाल्यांना बाक. हनुमंतरावांची मोटार चार सिलिंडरांची. ते पहिल्या दिवशी खांबाला टेकून उभे राहिले.

"रायर," राजगोपाल म्हणाला, मराठी घरच्यांना तिकडे रायर म्हणत, "ही मोटार बसायची की पायात घालायची?"

"पायातलीच असेल," चंद्रमौली वकील म्हणाला. "रायर, आत येताना वहाणांशेजारी काढून ठेवत जा. हरवली तर आम्हांला बोल नको."

"आणि ते दिवे कोणत्या देवळातले?"

सगळे हसले. हनुमंतरावही हसले. घरी येऊन त्यांनी हे सगळे हसत हसतच शिवकामीबाईंना सांगितले, पण जेवताना दुसरा भात घेतला नाही.

त्यानंतर त्यांची दृष्टीच बदलली. गोविंदपुरमला जाताना ते बाजारातून जाईनासे झाले, मागच्या गल्लीने काढीत. चाकावरचा ताल थांबला. समोरून मोठी मोटार आली की ते अंग चोरून घेत, जणू मोटारही त्याने लहान दिसेनाशी होईल. राजगोपालकडे त्याची जुनी सहा सिलिंडरांची मोटार पडून होती, बंद काचांची आणि मागे पडद्यांची. ती आपल्याला द्यावी, बदल्यात ही घ्यावी, म्हणून हनुमंतराव त्याच्या मागे लागले.

"काय म्हणाले?" बाई विचारीत.

"पाहू म्हणाले."

"पाहू म्हणाले तर पाहतील," असे बोलून बाई दिवे घासायला घेत. राजगोपालने पाहू नये असा त्यांचा रोज देवापाशी धावा असे. ती मोटार त्यांनी लांबून बघितली होती. मागे मऊ गादी होती, पडद्याला रेशमी गोंडे होते. पुढच्या माणसाची नुसती मान दिसायची.

नवरात्र आले. नवमीला सगळीकडे आयुधांची पूजा. दुकानातले हातोडे आणि ऐरणी धुऊन, गंध लावून झाल्या. दुपारी गणपतीच्या देवळापुढे मोटारींची पूजा होती. राजगोपालने हुकूम सोडला होता की मोटारी मानाप्रमाणे उभ्या राहतील. देऊळ पूर्वेला तोंड करून. समोर रस्त्याच्या पलीकडल्या कडेला मोटारींची रांग. उत्तरेच्या टोकाला पिंपळाची सावली, म्हणून तो मान पहिला. तेथे लाल मोटार. मग आठवाल्या, मग सहावाल्या. दक्षिणेच्या टोकाला, तेलाच्या घाण्याशेजारी, ऊन आणि पेंडीच्या वासात, हनुमंतरावांची.

मंडळी फूटपट्टी घेऊन नाकाडे एका रेषेत आणत होती. शिवकामीबाई मोटारीतच बसून होत्या. त्या रोज देवळात जाणाऱ्या. तिथले पुजारी स्वामीनाथ गुरुक्कळ यांना त्या लहानपणापासून पूजा करताना बघत आलेल्या. म्हातारा काहीही ओवाळायचे तर ते उजव्या हाताला ठेवूनच चालणार. देवळातून बाहेर पडून मोटारी उजव्या हाताला ठेवायच्या, तर उत्तरेकडे तोंड करून चालायला हवे. म्हणजे आरंभ दक्षिणेकडून. हे बाईंना रांग लागली तेव्हाच दिसले होते. नवरा दोनदा जवळून गेला, घाम पुसत. बाई काही बोलल्या नाहीत. पदरात तोंड लपवून बसल्या.

ढोल वाजला. गुरुक्कळ कापुराचे ताट घेऊन बाहेर आले, क्षणभर उन्हात डोळे मिचकावले, आणि सरळ घाण्याच्या दिशेने चालू लागले.

"गुरुक्कळ, इकडे," राजगोपालने हाक मारली. "पहिला मान इकडे आहे."

"पहिला मान प्रदक्षिणेचा," म्हातारा न थांबता म्हणाला. "मी डाव्या अंगाने ओवाळायला ही काय प्रेतयात्रा आहे?"

आणि पहिला कापूर त्या बुटक्या मोटारीपुढे पेटला. पहिला कोहळा तिच्यापुढे फुटला, आतला कुंकवाचा लाल रंग उडून पितळी दिव्यांवर पडला. पहिली लिंबे तिच्या चाकांखाली गेली. परडीतला एकच एक कमळांचा हार होता, तो तिच्या नाकाडावर चढला. लाल मोटारीपर्यंत गुरुक्कळ पोचले तेव्हा कापूर विझत आलेला आणि कोहळा उरलेला नव्हता. तेथे नारळावर भागले.

बाईंना हसू आवरत नव्हते. पण ते फार वेळ टिकले नाही. राजगोपाल लांब लांब पावले टाकीत त्यांच्याच मोटारीकडे येत होता. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट.

"रायर," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माझ्या घराण्याचा मान आजवर कोणत्याही देवळात दुसऱ्याला गेला नाही. ही मोटार आज माझ्या दारात उभी राहिली पाहिजे. सहा सिलिंडरांची तुमची. वर उद्यापासून पडवीत वेताची खुर्ची."

शिवकामीबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. गंमत पाहायला म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या, आणि त्या गप्प राहण्याने मोटार दारातून निघाली होती.

हनुमंतरावांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांचे मागणे आपण होऊन चालत आले होते. चंद्रमौली वकील त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वहाण डोक्यावर चढली, रायर." त्या हसण्यात आता हनुमंतराव सामील होते, बाहेर नव्हते. त्यांनी वळून बायकोकडे पाहिले आणि मराठीत विचारले, "काय म्हणतेस?"

भोवतीच्या तमिळ बोलणाऱ्यांत ते शब्द दोघांपुरतेच होते. बाईंनी कुंकू उडालेल्या दिव्याकडे पाहिले.

"द्या," त्या म्हणाल्या. "तुमची मोटार, तुमचा मान. पण आज नवरात्राचे भजन आहे. एकदा गोविंदपुरमास नेऊन आणा, मग द्या."

हनुमंतरावांनी राजगोपालला सांगितले, संध्याकाळी आणून देतो. राजगोपालने मान डोलावली.

त्या दिवशी ते मागच्या गल्लीने गेले नाहीत. देण्याचीच मोटार, आता लाज कसली. बाजारातून, हार घातलेली, कुंकवाने माखलेली मोटार हळूहळू निघाली. गाव सरले. थोडा पाऊस पडून गेला होता आणि शेते काठोकाठ भरली होती. ऊन पाण्यावर लोळत होते. शिवकामीबाईंना वाटले, आज रस्ता लांबला आहे. पूर्वी इतकी ताडाची झाडे नव्हती, इतके ढग नव्हते. तिरुविडैमरुदूरच्या गोपुराची सावली पाण्यात पडलेली, ती मोटारीच्या बरोबरीने थोडा वेळ चालली आणि मग मागे राहिली. वाऱ्याने हारातली पाकळी सुटे आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडे. त्या पाकळ्या गोळा करीत बसल्या. हे सगळे परत दिसणार, पण काचेआडून आणि मानेच्या मागून दिसणार, असे त्या मनाला समजावीत होत्या. समजावता समजावता केव्हा गुणगुणू लागल्या, त्यांना कळले नाही.

चाकावर बोटे वाजू लागली. आधी एक बोट, मग सगळी.

अधिष्ठानापाशी भजन झाले, बाईंनी टाळ वाजवले, प्रसादाची साखर दोघांनी खाल्ली. परतताना दिवेलागण झाली होती. पितळी दिव्यांचा पिवळा उजेड रस्त्यावर पुढे पुढे सांडत होता. कुंभकोण आले. नदीकाठच्या राजगोपालच्या घरापुढे सहा सिलिंडरांची मोटार धुऊन पुसून उभी होती, पडद्याचे गोंडे विंचरलेले. पडवीत मंडळी जमलेली. कोणीतरी हात वर केला.

हनुमंतरावांनी वेग कमी केला. बाईंनी मांडीवरच्या पाकळ्या ओंजळीत घेतल्या आणि उतरायच्या तयारीने पदर सावरला.

मोटार घरावरून पुढे गेली.

पडवीतले दिवे मागे पडले. मग हनुमंतराव म्हणाले, "त्या मोटारीत मागची जागा फार लांब आहे."

"मऊ आहे म्हणतात."

"असेल. पण तेथे तू बसलीस तर मला ऐकू यायचे नाही."

"मी मोटारीत कोठे काय बोलते?"

"गुणगुणतेस," हनुमंतराव म्हणाले, आणि आपल्या अळीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी राजगोपालने पडवीत सांगितले की कोहळा लहान होता, तेव्हा तो मान धरायचा नाही. वेताची खुर्ची आली नाही. हनुमंतराव त्या पडवीकडे परत गेले नाहीत, त्यांना संध्याकाळी सवडच नसे. पुढल्या वर्षीच्या नवमीला गंमत झाली. दक्षिणेचे टोक मिळावे म्हणून आठवाल्यांत घाण्याशेजारी वादावादी झाली, दोन मोटारींचे रंग खरवडले गेले. पिंपळाखालची सावली मोकळी राहिली. हनुमंतरावांनी आपली मोटार तेथे नेऊन लावली आणि कापूर येईपर्यंत दोघांनी बसल्या बसल्या डुलकी काढली.

लढाई सुरू झाली तसे पेट्रोल मिळेनासे झाले. मोटार मागल्या अंगणात केळीखाली उभी राहिली. तरी एकादशीला, दुपार कलली की, दोघे तिच्यात जाऊन शेजारी शेजारी बसत. बाई गुणगुणत, हनुमंतराव चाकावर ताल धरीत, आणि डोळे मिटले की शेते दोन्ही बाजूंनी येत. अशाच एका दिवशी बाईंनी त्यांना सांगितले की गुरुक्कळ कोठून आरंभ करणार ते आपल्याला आधीच ठाऊक होते. हनुमंतराव इतके हसले की मोटार हलली आणि केळीवरचे पाणी दोघांच्या अंगावर पडले.

हनुमंतराव सन एकोणीसशे त्रेचाळीसच्या मार्गशीर्षात वारले. शिवकामीबाई सन एकोणीसशे सेहेचाळीसच्या चैत्रात, लेकीच्या घरी तिरुविडैमरुदूरला वारल्या.