भुणभुणी आणि सातवी रांग

"तुमच्या या माशीला नरफूल कुठलं आणि मादीफूल कुठलं, ते कळतं का?"

मी माईकवर विचारलं आणि सगळं सभागृह फिस्सकन हसलं. हसणार हे ठाऊकच होतं, म्हणून तर माझ्या दोघी मैत्रिणींनी, लंबूने आणि चष्मिष्टीने, पैज लावली होती: मुख्याध्यापिकांसमोर 'नर' आणि 'मादी' म्हणून दाखव, आपल्या बाकावरची खिडकीची जागा महिनाभर तुझी! गेल्या वर्षीची मी असते, तर हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटले असते. या वर्षी मला काय झालंय कोण जाणे, हात आपोआप वर जातो.

व्यासपीठावरच्या इंजिनियर ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या तळहातावर काडेपेटीएवढं यंत्र होतं. चार पंख, पोटाखाली मऊ केसांचा कुंचला. एका फुलातले परागकण दुसऱ्या फुलाला नेऊन लावणारी यंत्रमाशी.

"नाही ना कळत," त्या म्हणाल्या. "तिथंच तर घोडं अडलंय आमचं. पण तू का विचारलंस?"

"आमचं खरबुजांचं काचघर आहे. मादीफुलाच्या खाली वाटाण्याएवढं खरबूज असतं, ते वरून दिसत नाही. आई आधी करंगळी फुलाखाली घालून चाचपते, मग कुंचला लावते."

"करंगळी!" ताई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, की मुख्याध्यापिकांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. "अगं, आम्ही सगळे फोटो वरून काढत बसलो!"

आता हसायची पाळी माझी होती. पण खरं सांगायचं तर माझा प्रश्न नुसता पैजेपुरता नव्हता, कारण घरी परिस्थिती भलतीच होती.

आमच्याकडे पूर्वी मधमाश्या यायच्या. काचघराच्या झडपा उघडल्या की झुंडीने आत. गेल्या तीन वर्षांत औषधालासुद्धा एक दिसली नाही. मग आईने कुंचला हातात घेतला. खरबुजाचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि दहाच्या सुमाराला मान टाकतं, त्यामुळे जे काय करायचं ते सकाळीच. त्यात आईचा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. वेल तर छतापर्यंत! बाबा पाणी आणि तोडणी बघतात, त्यांची बोटं भेंडीएवढी जाड, फूल तुटून हातात येतं. राहिले कोण? मी. गणवेश घालून, शिडीवर चढून, कानामागे कुंचला खोचून. शाळेत पोचायचे ती थेट दुसऱ्या तासाला.

शेवटी मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून पहिला तास बुडाला तर परीक्षेला बसता येणार नाही. आई-बाबांनी लगेच ठरवून टाकलं: हे पीक निघालं की काचघर उतरवायचं. आई हे बोलत होती आणि एकच ताटली पुसत होती. पुसलेली, कोरडी ताटली, पुन्हा पुन्हा.

त्या ताटलीपायी मी ताईंना घरी ओढून आणलं.

त्यांनी माशीच्या पोटाखालचा कॅमेरा काढून पाठीवर बसवला आणि "आधी खाली जा, वर बघ, मग फुलावर बस" असं तिला शिकवलं. आईने तिचं नाव ठेवलं भुणभुणी. पहिल्याच सकाळी भुणभुणी झोकात उडाली, नरफुलावरून परागकण घेतले, पण सगळी मादीफुलं सोडून आईच्या कानाशी गेली आणि कानातल्या हिरव्या मण्याला खालून न्याहाळून आईच्या कानाला परागकण फासून मोकळी झाली.

"घ्या! आता तुझ्या कानाला खरबूज लागणार," बाबा म्हणाले.

"लागू दे, तुम्हीच तोडा मग," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती अशी खळखळून हसली. मणी काढून तिने पदराला बांधले आणि भुणभुणीला दम भरला, "अगं हळू! फूल आहे ते, डबा नाही."

सातवी रांग एकट्या भुणभुणीला दिली. तिथे कुणी कुंचला लावायचा नाही, मीसुद्धा नाही. परागकण मिळाले नाहीत तर इवलं खरबूज चार दिवसांत पिवळं पडून गळतं, म्हणजे चार दिवस वाट बघायची.

ते चार दिवस! वर्गात लंबू म्हणाली, "काय गं, नखं संपली, आता माझी खाणार का?"

चौथ्या सकाळी आम्ही चौघं सातव्या रांगेशी उभे होतो. कुणी पुढे होईना. मग आईने पान बाजूला केलं आणि करंगळी खाली घातली.

"फुगलंय," ती हळूच म्हणाली. पुढच्या वेलाशी गेली. "हेही." मग भरभर चालायलाच लागली. "हे बघ! अहो, हे तर लिंबाएवढं झालंय!" एखादंदुसरं पिवळं होतंच, पण तेवढं तर माझ्या रांगांतही असतं. बाबांनी रिकामी बादली डोक्यावर घालून अशी गिरकी घेतली, की मीच लाजले.

"पण खऱ्या माश्या परत आल्या तर?" आईने विचारलं.

"तर ही बाजूला बसेल, काकू. तिचं त्यांच्याशी भांडण नाही," ताई म्हणाल्या. "तोवर तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही खुर्चीत बसून हुकूम सोडा, तिला तुमच्याकडून अजून पुष्कळ शिकायचंय."

आईने लगेच खुर्ची मागवली. बाबा बादली उतरवून माझ्याकडे वळले, "चला, शिडी आण. बाकीच्या रांगा उरल्यात."

मी शिडी आणली नाही. पालथ्या क्रेटवर चढले, कानामागचा कुंचला काढून बाबांच्या बादलीत टाकला.

"मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत."

"ठरवल्या?" बाबा म्हणाले. "विचारायच्या नाहीत का?"

"नाही, ठरवल्यात. काचघर उतरवायचं नाही, बाकीच्या रांगाही भुणभुणीच बघेल. आणि उद्यापासून सकाळी मी इथे पाऊलसुद्धा टाकणार नाही. पहिल्या तासाला खिडकीत बसणार आहे!"