गिळलेला ‘कै.’

मी संघरत्नाचा लॅपटॉप बोलतोय. म्हणजे बोलायला सुरुवात करतोय. चालू व्हायला मला वेळ लागतो. तोवर तुम्ही चहा घेऊन या, घरातले सगळे तेच करतात.

माझं पहिलं आयुष्य कशेळीच्या एका गोदामात गेलं. माल आला, माल गेला, एवढंच टिपायचं. पण मला वाटायचं, अख्खं गोदाम माझ्याच जिवावर चाललंय. मग तिथे नवीन मशीन आलं आणि गोदाम माझ्यावाचून आणखी जोरात चालू लागलं. तिथला सुपरवायझर मिलिंद मला भिवंडीला घरी घेऊन आला, कॉलेजात कम्प्युटर शिकणाऱ्या त्याच्या मुलीसाठी, संघरत्नासाठी. माझी बॅटरी केव्हाच गेलेली. लाइट गेली की गल्लीतले कापड विणणारे लूम थांबतात आणि त्यांच्याबरोबर मीही. लूम निदान लाइट आल्या आल्या सुरू तरी होतात.

शेवटच्या वर्षाला संघरत्नाला कळलं, की नोकरीला अनुभव लागतो आणि अनुभवाला नोकरी. तिची मैत्रीण अदिती म्हणाली, ओपन सोर्समध्ये काम कर. म्हणजे असे प्रोग्राम, ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही चूक शोधावी, दुरुस्ती पाठवावी. संघरत्ना नावाला भुलली. तिने जगभर गाजलेला एक ब्राउझर निवडला. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. पण तो चालवायला घेतल्यावर माझा पंखा असा घरघरला, की तिच्या आजीने, कमळाबाईंनी, स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर तपासला. मग मी तापून बंद पडलो. परत चालू केलं, परत पडलो.

“याच्याने नाही होणार,” संघरत्ना म्हणाली. मला लागलं, पण खरंच होतं ते.

घरात तिचे आजोबा होते, पंढरीनाथ. सगळे त्यांना आबा म्हणत. रिटायर्ड शिक्षक, काचबिंदूने नजर गेलेली. मोबाइलमधला एक फुकटचा प्रोग्राम त्यांना बातम्या आणि मेसेज वाचून दाखवायचा. एका सकाळी त्याने दिघाशीच्या शाळेचं आमंत्रण वाचलं, ‘चंद्रा गुरुजी पारितोषिक समारंभ’. चंद्रा गुरुजी आबांचे जुने जोडीदार. दोघांनी एकाच शाळेत उमेदीची वर्षं काढलेली. आबा खूश झाले. गुरुजींच्या घरी फोन लावून म्हणाले, त्यांना द्या, अभिनंदन करायचंय.

फोनवर सून होती.

“गुरुजी न्हाय हो आता. श्रावणातच गेले.”

आमंत्रणात नावाआधी ‘कै.’ होतं. पुढे टिंब असलेलं अक्षर प्रोग्रामला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ते गिळून टाकलं होतं. आबांनी मोबाइल उशीखाली सरकवला आणि त्यानंतर त्याला काही वाचू दिलं नाही. कुणी पेपर वाचून दाखवतो म्हटलं, तरी नको म्हणायचे.

संघरत्नाने शोध घेतला, तर तो प्रोग्रामही ओपन सोर्स निघाला. लहानसा. नाशिकचा अनिमेष नावाचा कुणी एक जण आपली नोकरी सांभाळून त्याची देखभाल करायचा. या प्रोग्रामच्या नावाला कुणी भुलणार नव्हतं. पण तो माझ्यात बसला, चालला, मी तापलोही नाही. माझ्या लायकीचं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं.

तिने दुरुस्ती पाठवली आणि ती परत आली. अनिमेषने सौम्यपणे कळवलं, की प्रोग्राम ‘कै.’ आता नीट वाचतो, पण कुठल्याच टिंबाला थांबत नाही. अख्खी बातमी एका दमात संपवतो. अशी अक्षरं कोणकोणती, ते आधी ठरवायला हवं होतं. संघरत्ना मला घेऊन आबांपाशी बसली. अशी अक्षरं कोणती, तिने विचारलं. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. माझं एक बटण अडकून ‘क’ तीनतीनदा उमटत होता. नशीब, आबांना ते दिसत नव्हतं.

“‘कै.’ घातलंस, तसं ‘दिवं.’ पण घाल,” आबा म्हणाले. “सगळेच काही कैलासाला जात नाहीत. आपल्यात दिवंगत लिहितात.”

या वेळी दुरुस्ती स्वीकारली गेली. प्रोग्राम नवा झाल्यावर संघरत्नाने तेच आमंत्रण लावलं. ‘कैलासवासी चंद्रा गुरुजी’, मोबाइल म्हणाला. आबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मिलिंदला हाक मारली.

“मला घेऊन चल दिघाशीला. चंद्राबद्दल बोलायला त्याला ओळखणारं कुणीतरी पाहिजे तिथं.”

संघरत्नाला आता ट्रेनी म्हणून काम मिळालंय. मुलाखतीत तिने हाच किस्सा सांगितला. माझा उल्लेख केला नाही, ते बरंच झालं. कंपनीने दिलेला नवा लॅपटॉप इतका शांत आहे, की तो काम करतो की झोपतो, मला कळत नाही. माझी बिजागरी तुटलीय, स्क्रीन भिंतीला टेकवून उभी करावी लागते. तरी या प्रोग्रामचं काम ती माझ्यावरच करते.

परवा एक नवी तक्रार आली. ‘सौ. निशा’ला प्रोग्राम हिंदीतला ‘सौ’ समजून ‘शंभर निशा’ म्हणतो. निशाताईंच्या नवऱ्याने कळवलंय, की लवकर दुरुस्त करा, आमच्या घरात एकच आहे. तेव्हा मंडळी, तेवढं होईपर्यंत तरी मला भंगारात देऊ नका. प्रश्न कुणाच्या तरी संसाराचा आहे.