सतरावा टेक

कुकरला टेकवून उभा केलेला फोन.

बंद पंखा. आवाज येतो म्हणून.

सासूबाईंचा खोकला, तीनदा.

“वहिनी, हसा. हसा म्हणजे दात मोजून दाखवा असं नाही.”

फ्रिजवर चिकटवलेली गुणांची यादी: प्रकाश पाच, संगीत पाच, एडिटिंग पाच, सांघिक भावना चार, इंग्रजी एक.

हे सगळं एकाच स्वयंपाकघरातलं, एकाच रविवारचं. वहिनी रुग्णालयात फरशी पुसते. तिथल्या रिसेप्शनची जागा रिकामी झाली होती आणि कर्मचाऱ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात पहिला येईल त्याला ती मिळणार होती. नऊ वर्षं वाकून काढल्यावर खुर्ची काय चीज असते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

वर्गाचे सर नव्या विचारांचे. “पुस्तकं मिटा, व्हिडिओ बनवा, भाषा आपोआप येईल,” असं म्हणून ते भाषेची वाट बघत खुर्चीत रेलले.

वहिनीने अकरा वाक्यं बसवली. बसा. नाव सांगा. डॉक्टर येतीलच. सगळं इंग्रजीत. दीर दिग्दर्शक झाला, कारण त्याने एकदा मित्राच्या मोटारसायकलवर व्हिडिओ केला होता.

“कट! वहिनी, तुमचा श्वास ऐकू येतोय.”

“मग काय करू, भाऊजी? मरू?”

“आधी भांडी घास,” सासूबाई आतून म्हणाल्या.

सतराव्या टेकला तिचा घसा बसला. मग दिराने ॲपमधला एक गोड बायकी आवाज उचलून तिच्या ओठांवर चिकटवला आणि मागे बासरी सोडली.

सर गहिवरले. वीसपैकी एकोणीस! इंग्रजीचा तेवढा एक कापला. “उच्चार सुधारायला हवेत,” म्हणाले. तरी पहिला नंबर.

रुग्णालयाच्या साहेबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. “झकास! रिसेप्शनवर टीव्ही लावा आणि दिवसभर हाच चालू ठेवा. माणूस बसवायचं कशाला?”

सरांनी टाळ्या वाजवल्या.

आता तिथे वहिनी न थकता हसते, बसा म्हणते. खालची फरशीही वहिनीच पुसते. परवा एक आजोबा टीव्हीला संडासाचा रस्ता विचारत होते. टीव्ही म्हणाला, डॉक्टर येतीलच. वहिनीने पोछ्याच्या दांड्याने दार दाखवलं.

पहिल्या टेकला तिने अकराही वाक्यं न अडखळता म्हटली होती. दिराने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नव्हतं.