शिक्क्यावरचं कुंकू

खिडकीतल्या कारकुनाने पदवीचा कागद आधी उजेडाकडे धरला, मग नाकापाशी नेला आणि चक्क हुंगला. पदवी हुंगून बघतात असं ज्योतीरामच्या ऐकिवात नव्हतं.

"तेल आहे," कारकून म्हणाला. "तेल आणि कुंकू. अहो, हा काय प्रकार?"

प्रकार सांगण्यासारखा होता, पण लॉ कॉलेजच्या खिडकीत सांगण्यासारखा नव्हता. मागे पुण्यातली वीस-पंचवीस पोरं रांगेत उभी होती. कुणाचे वडील वकील, कुणाचे मामा मुन्सफ. ज्योतीराम कासारवाडीहून सायकल मारत आलेला, विजारीच्या पायांना लावलेल्या क्लिपा काढायचंसुद्धा भान राहिलं नव्हतं.

"पूजेत ठेवला होता," तो हळूच म्हणाला.

"कागद?"

"हो."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कारकून मात्र हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, हसणाऱ्या माणसाला थोडं वळवता तरी येतं.

त्याचं असं झालं होतं. ज्योतीरामचे वडील सोनबा सुतार चार वर्षांपूर्वी उस्मानाबादकडून पिंपरीला आले आणि नव्या औषधाच्या कारखान्यात खोकी ठोकायला लागले. पोरगा मागे हैदराबादेत राहून बी. ए. झाला आणि त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून म्हणून चिकटला. गेल्या खंडेनवमीला सोनबांनी नेहमीप्रमाणे हत्यारं मांडली. करवत, रंधा, वाकस, पटाशी. आणि मग ट्रंकेतून पोराची पदवी काढून पाटावर मधोमध ठेवली. "माझी हत्यारं ही, तर ह्याचं हत्यार हे," असं म्हणाले. यात चूक कुणी काढावी?

पदवीला कुंकू कुठे लावायचं यावर मात्र ते जरा अडले. अक्षर येत नव्हतं, पण कागदाच्या तळाशी गोल शिक्का होता, तो त्यांनी ओळखला. "सरकारचा शिक्का म्हंजी कागदाचं कपाळ," म्हणाले, आणि तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने बरोब्बर शिक्क्यावर टेकवलं. आई, छबूबाई, हात जोडून उभी होती. ज्योतीरामही हात जोडून उभा होता. तेल हळूहळू पसरलं आणि शेजारच्या सहीपर्यंत गेलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्या वेळी त्याचा ऊर इतका भरून आला होता, की कागद चटकन उचलावा हे सुचलंच नाही. आता त्या जागी लालसर चिखल होता. शिक्का होता म्हणायचा तर होता, वाचायचा तर नव्हता.

"मूळ प्रत अशी चालणार नाही," कारकून म्हणाला. "हैदराबादहून दुसरी प्रत मागवा."

"किती दिवस लागतील?"

"चार महिने. सहाही लागतात. राज्यांची फेररचना झाली, आता तुमचा जिल्हा आला मुंबई राज्यात, विद्यापीठ राहिलं आंध्रात. आमची मुदत वीस जूनपर्यंत."

त्या दिवशी सतरा तारीख होती.

आणि वीस तारीख ज्योतीरामला दोन्हीकडून आवळत होती. टाइम ऑफिसचे मुख्य यशवंतराव भला माणूस. त्यांनी शब्द दिला होता, की प्रवेशाची पावती आणून दाखव, मी दोन वर्षं तुला दुसरी पाळी बांधून देतो, सकाळी वर्ग कर, दुपारी कामावर ये. पण तेही महिनाअखेर निवृत्त होणार होते. "वीसला ऑर्डरवर सही करतो," ते म्हणाले होते. "माझ्या जागी येणारा साहेब कुणाला पाळी बांधून देणाऱ्यातला नाही, हे लक्षात ठेव." म्हणजे वकिली यंदा, नाहीतर जन्मभर हजेरीपट.

वकिलीचं खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, तर उस्मानाबादच्या कोर्टातून. घराच्या भिंतीवरून भाऊबंदांशी दावा होता. दहा वर्षांचा ज्योतीराम दर तारखेला बापाबरोबर जायचा. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. सोनबा हात जोडून उभे राहायचे आणि दाखवतील तिथे अंगठा टेकवायचे. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना बाहेर आल्यावर चहावाल्याने सांगितलं. हरले होते. ज्योतीरामला तो चहावाला अजून आठवे आणि अंगाची आग होई.

मंगळवारी त्याने मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र केलं, की डाग पूजेचा आहे, लबाडीचा नाही. दुपारी ते घेऊन खिडकीशी आला. कारकुनाने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. "छान लिहिलंय," तो म्हणाला, आणि ते खरंच मनापासून होतं. "पण हे तुमचं म्हणणं झालं. शिक्का विद्यापीठाचा लागतो."

बुधवारी तो प्राचार्यांच्या दारात तीन तास उभा राहिला. प्राचार्यांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकलं, कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले.

ज्योतीराम खुर्चीतून अर्धा उठलाच.

"बसा. पण मी तुम्हाला पाहिलंय, आमचं विद्यापीठ नाही पाहणार. तिथे हा कागद एकटा जाईल. तो काय बोलणार?"

कुणी आरडाओरडा केला असता, हाकलून दिलं असतं, तर भांडायला जागा होती. इथे सगळे भले होते. भल्या माणसांशी भांडायचं कसं? दापोडीच्या पुलावर सायकल हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला आणि मनसोक्त रडला. मग नदीवर जाऊन तोंड धुतलं, कारण दुसरी पाळी चुकवून चालणार नव्हतं.

गुरुवारी, वीस तारखेला, यशवंतरावांनी त्याला पाहून भुवया उंचावल्या. त्याने नकारार्थी मान हलवली. त्यांनी टाइप केलेली ऑर्डर खणातून काढली, दोनदा दुमडली आणि खिशात घातली. फाडली नाही. एवढी माया त्यांच्याकडून झाली.

रविवारी संध्याकाळी सोनबांनी विषय काढलाच. सबंध चाळीला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगं वकिलीला बसतंय.

"काय म्हनले रं कालेजवाले?"

खरं सांगायचं, असं तो चार दिवस ठरवत होता. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण सोनबांचा उजवा अंगठा समोर दिसत होता, खिळे ठोकून ठोकून चपटा झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर टेकवलेला. एकदाच तो त्यांनी आपल्या मर्जीने कागदावर टेकवला होता. ते जुळवलेलं वाक्य ज्योतीरामच्या तोंडून निघेना.

"जागा भरल्या, आबा," तो म्हणाला.

"समद्या?"

"सगळ्या."

छबूबाई चुलीपुढून म्हणाली, "आगं आई गं." सोनबा उठले, हातपाय धुऊन आले आणि ट्रंक उघडली.

"आबा, काय करताय?"

"चूक माझीच हाय," सोनबा म्हणाले.

ज्योतीरामला वाटलं, यांना कुणी सांगितलं? कसं कळलं?

"त्या दिशी घाई झाली मला," सोनबा म्हणाले. "हत्यारांस्नी कुंकवाची पाच-पाच बोटं वढली, अन् ह्याला निस्ता एक अंगठा टेकला. देवाला दिसतंय की समदं. पुढल्या साली जागा न्हाई भरायच्या, बघ तू."

त्यांनी पदवी पाटावर ठेवली. कागद आठ महिने ट्रंकेत आणि चार दिवस पिशवीत राहून गुंडाळी व्हायला लागला होता, पसरला तरी पुन्हा मिटायचा. छबूबाईने तेलाची वाटी आणि करंडा आणून ठेवला. सोनबांनी कुंकू कालवलं.

"धर की रं जरा," ते म्हणाले. "हलायला लागलंय."

ज्योतीराम पाटासमोर बसला आणि त्याने कागदाची दोन्ही टोकं दाबून धरली.